मीटर माझ्याकडे वळवलात, म्हणून

फ्रिजवाले दादा,

स. न. वि. वि.

फ्रिज नीट चाललाय ना, हे विचारायला तुम्ही परवा फोन केलात. माझे हात पिठात होते, म्हणून "हो हो, मस्त" एवढंच म्हणून ठेवला. म्हणायचं होतं ते राहून गेलं. आता जाहीरच लिहिते. नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही.

तुम्हाला माहीतच आहे, इंदिरानगरात मी घरूनच इडली-डोशाचं पीठ विकते. नाशिकची हवा थंड, असं बाहेरगावचे पाहुणे अजून म्हणतात. त्यांनी एप्रिलात चाळिशीला टेकलेल्या पाऱ्यात पीठ सांभाळून दाखवावं! त्यात फ्रिज बिघडलेला, वर फ्रीझरमध्ये कडक बर्फ, खाली दूध नासतंय आणि दुपारपर्यंत पीठ फुगून डब्याचं झाकण उचलतंय. गिऱ्हाइकं भली आहेत माझी, पण आंबट पीठ एकदा घेतील, दुसऱ्यांदा कशाला घेतील?

तुमच्या आधी दोघे येऊन गेले. पहिल्याने खालच्या कप्प्यात हात घातला, "गॅस गेलाय" म्हणाला आणि लगेच आकडा सांगितला. दुसऱ्याने दारातच विचारलं, "साहेब आहेत का?" नाहीत म्हटल्यावर संध्याकाळी परत आला आणि माझ्यादेखत ह्यांना समजावून गेला की बोर्ड उडालाय, त्यापेक्षा एक्स्चेंजमध्ये नवा घ्या. फ्रिज वापरते मी, पिठाचे पैसे बुडतात माझे, आणि निदान ऐकायचं साहेबांनी! फ्रीझरच्या आतलं पॅनेल उघडायला मात्र दोघांपैकी एकाचाही स्क्रूड्रायव्हर पिशवीतून बाहेर आला नाही.

दोघांनाही मी सांगितलं होतं, की रात्रभर बंद करून दारं उघडी ठेवली की काही दिवस फ्रिज अगदी नव्यासारखा चालतो आणि मग पुन्हा तेच. "होतं असं," म्हणाले. तुम्ही मात्र ते वाक्य ऐकून हातातला चहा खाली ठेवलात. "ताई, हे परत सांगा बरं."

पॅनेल काढल्यावर मागची गारवा देणारी कॉइल दिसेना, सगळीकडे सारखा पांढरा बर्फ. तुम्ही म्हणालात, गॅस कमी असता तर कॉइलच्या एकाच भागावर बर्फ धरला असता. हा सगळीकडे आहे, म्हणजे गॅस ठीक आहे, बर्फ वितळायचंच बंद झालंय. गार हवा खाली जायची वाटच बुजली होती. मी सुरी आणायला उठले तर तुम्ही हसून थांबवलंत, "टोकरू नका, अॅल्युमिनियमची नळी फुटली की मग खरंच गॅस जाईल." बर्फ वितळवणारा हीटर तपासलात, त्याचा फ्यूज तपासलात, दोन्ही चांगले. राहिला कॉइलला चिकटवलेला सेन्सर, कॉइल किती गार आहे ते बोर्डाला सांगणारा.

आणि इथे तुम्ही जे केलंत त्यासाठी हे पत्र. एम. जी. रोडवरून नवा सेन्सर आणलात तो थेट बसवून पैसे घेता आले असते. मी विचारणारही नव्हते. तुम्ही माझ्याकडून दोन ग्लास मागून घेतलेत, दोन्हींत बर्फाचं पाणी, एकात जुना सेन्सर, एकात नवा. मग मीटर माझ्याकडे वळवून ठेवलात आणि त्याच्या दोन वायरी माझ्याच हातात दिल्यात. "आता तुम्हीच बघा." गार झाला की ह्या सेन्सरचा विजेला होणारा रोध वाढतो, आकडा चढायला हवा, एवढंच सांगितलंत. नव्याचा चढत चढत तिपटीच्याही वर गेला. जुना हलेना. बर्फात बुडूनसुद्धा तो बोर्डाला सांगत होता की कॉइल गरम आहे, म्हणून हीटर लागतो न लागतो तोच बंद होत होता.

बारावीनंतर मला कुणी काही मोजून बघायला दिलं नव्हतं, दादा. ह्यांनी ऑफिसातून आल्यावर विचारलं, काय बिघडलं होतं, तर सगळं मी सांगितलं. ते ऐकत होते!

आपलं काम गिऱ्हाइकासमोर उघडं करायला माणूस मुळात स्वच्छ लागतो. हात साफ असलेला दुकानदार वजनकाट्याचं तोंड गिऱ्हाइकाकडेच ठेवतो. अशी माणसं आहेत आपल्या गावात, भाजीबाजारात आहेत, रिक्षा चालवणाऱ्यांत आहेत, फक्त गरज पडते त्या दिवशी सापडत नाहीत. कारागिरांवरचा विश्वास उडालाय असं मीच शेजारणींत बोलत असते, आणि त्या आधीच्या दोघांमुळे तो उडावाच अशी वेळ आली होती.

पार्टची पावती आणि येण्याजाण्याचे पैसे, त्यावर तुम्ही काही घेतलं नाहीत. डोशाचं पीठ दिलं तेही आधी नको म्हणालात. घरी डोसे कसे झाले ते कळवा, मीठ थोडं कमी होतं त्या दिवशी.

आणि एक. वरच्या मजल्यावरच्या काकूंना तुमचा नंबर दिलाय. त्यांचं वॉशिंग मशीन पाणी सोडत नाही. तुम्ही मशीनचं काम करत नाही असं मी त्यांना बजावलंय, तर त्या म्हणतात, न का करेना, येऊन खरं काय ते सांगेल तरी. फोन येईल, उचला.

तुमची,
पीठवाली ताई
इंदिरानगर, नाशिक