वरच्या कोपऱ्यातला ठिपका

चि. ताई,
अनेक आशीर्वाद.

पुण्याला मॉलमध्ये पिक्चर बघताना तू दोनदा विचारलंस, "आबा, वर काय बघताय?" तिथं खुर्च्या एवढ्या मऊ, आवाज एवढा मोठा, की सांगायला धीर झाला नाही. मी पडद्याचा उजवीकडचा वरचा कोपरा बघत होतो. टॉकीजात मशीन चालवायचो तेव्हाच्या सवयीनं ठिपका शोधत होतो.

दोन हजार फुटांचं रीळ साधारण बावीस मिनिटं चालतं. ते संपत आलं की पडद्यावर उजवीकडे वर क्षणभर गोल ठिपका चमकायचा. पहिला दिसला की शेजारच्या मशीनची मोटर सुरू करायची. सात-आठ सेकंदांनी दुसरा. तेव्हा इकडच्या मशीनचा उजेड बंद, तिकडच्या मशीनचा चालू. खाली बसलेल्याला कळताही कामा नये. चुकलं तर पडदा पांढरा फट, आणि मग स्टॉलमधून शिट्ट्या, "ओ भो, झोपला का?" मी क्वचितच चुकलो. पण त्यापायी एकही पिक्चर धड बघितला नाही. हिरॉईन रडत असली तरी माझा डोळा कोपऱ्यात.

पहिला पिक्चर बघितला तो अमळनेरला, सखाराम महाराजांच्या यात्रेत. बोरीच्या वाळूत टुरिंग टॉकीजचा तंबू. एकच मशीन, म्हणून दर रिळाला अंधार, आणि अंधारात पोरांची ओरड. आम्ही पडद्याच्या मागच्या बाजूला बसलो होतो. नावं उलटी, आणि तलवारी सगळ्यांच्या डाव्या हातात. हिरो डावखुरा आहे असं मी घरी सांगितलं तर तुझी आजी कितीतरी दिवस हसत होती.

1974 ला भुसावळला आलो ते हेल्पर म्हणून. गाव रेल्वेचं, आणि पिक्चरच्या धंद्याचंही. खान्देश मुंबईच्या सर्किटात, म्हणजे पिक्चर वाटपाच्या विभागात नव्हता, सी.पी. बेरारच्या (जुना मध्य प्रांत आणि वऱ्हाड) सर्किटात होता. डिस्ट्रिब्युटरांची ऑफिसं भुसावळात, आणि सेंट्रल सर्किट सिने असोसिएशनचं मुख्य ऑफिसही इथंच. रिळांच्या पेट्या गाडीनं यायच्या, गाडीनंच पुढच्या गावी जायच्या. मोठ्या शहरात गाजून, घासून, मग आमच्याकडे. त्यामुळे आमच्या पिक्चरमध्ये ओरखड्यांचा पाऊस जरा जास्तच पडायचा.

दुसऱ्याच वर्षी 'जय संतोषी माँ' लागला. बाया बैलगाड्यांनी आल्या, चपला दाराबाहेर काढून आत बसल्या. आरती सुरू झाली की पडद्याकडे चिल्लर आणि फुलं. शो सुटला की झाडूवाला आधी नाणी वेचायचा, मग झाडायचा. त्याच वर्षी 'शोले'ही आला, पण आमच्या झाडूवाल्याला विचारशील तर मोठा पिक्चर कोणता ते तो एका दमात सांगेल.

उजेड कार्बनचा होता. तांब्याचा मुलामा दिलेल्या दोन कांड्या समोरासमोर, मधल्या फटीत ठिणगी. कांडी जळत जाते, म्हणून फट सारखी जुळवत राहायची, नाही तर पडद्यावरचा उजेड पिवळा पडायचा. त्या खोलीत उन्हाळ्यात मी बनियनवर असायचो. उरलेले तुकडे घरी आणायचो आणि तू ओट्यावर त्यांनी रेघोट्या मारायचीस. मग तुझी आई मला बोलायची, तुला नाही.

टॉकीजला कुणी मारलं असं लोक विचारतात, जणू एकच मारेकरी असतो. 1982 नंतर रंगीत टीव्ही आला, मग भाड्याचा व्हिडिओ आला. 1987 ला रविवारी सकाळी 'रामायण' लागलं की रस्ता ओस. नंतर केबल. 2001 मध्ये सरकारनं मल्टिप्लेक्सला सुरुवातीची वर्षं करमणूक करात माफी दिली. आम्ही तो कर भरत राहिलो आणि खुर्च्यांमधून स्प्रिंगा वर येत राहिल्या. मालकाला दोष देऊ का? तोही रोज गल्ला मोजून गप्प बसायचा.

शेवटी रिळच गेलं. पिक्चर सॅटेलाइटवरून यायला लागला, मुंबईत ज्या शुक्रवारी त्याच शुक्रवारी आपल्याकडे. ज्याची तीस वर्षं वाट बघितली तेच झालं, पण बघायला बाल्कनीत अकरा माणसं. मला एक बटण दाबायला शिकवलं. ठिपका नाही, कांडी नाही, फट नाही. मार्च 2020 मध्ये बंद झालं ते पुन्हा उघडलंच नाही.

गेल्या आठवड्यात पाडायला सुरुवात झाली. मी गेलो होतो. पडदा आधीच कुणी नेला होता, मागची भिंत तेवढी पांढरी. माझी खोली वर अधांतरी दिसत होती, आणि तिच्या भिंतीतली दोन चौकोनी भोकं. एवढी लहान? त्यातून बघायचो? रिक्षावाले मात्र अजून टॉकीजच म्हणतात. तुला माहीत आहे, इथं पत्ता 'अमरदीप टॉकीजजवळ', 'वसंत टॉकीजमागे' असाच सांगतात.

मे महिन्यात येशील तेव्हा नातवाला आण. दोन कार्बन कांड्या ट्रंकेत वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवल्यात, जळलेल्या नाहीत, कोऱ्या. ओटा आता टाइल्सचा आहे, पण मागच्या दाराशी थोडी फरशी शिल्लक आहे.

तुझे आबा