धरणातून वाचवलेलं देऊळ

ती. आई-बाबा,
सा. न.

काल फोनवर धड बोलता आलं नाही, हॉटेलचं नेट सारखं जात होतं, म्हणून आता निवांत लिहितेय. आम्ही ऑफिसमधल्या काही फॅमिली मिळून कैरोहून आस्वानला आलोय आणि आज अबू सिंबेलचं प्राचीन देऊळ बघून आलो. पिरॅमिडचे फोटो तुम्हाला मागे पाठवलेच होते, ते भव्य आहेतच, पण मला विचाराल तर हे त्याच्याही वर. आणि बाबा, तुमची उभी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली म्हणून तुमच्यासाठी मुद्दाम सविस्तर लिहितेय, आई कंटाळली तर तिने पुढे राणीचं आहे तिथून वाचावं.

पहाटे चारला बस निघाली. आस्वानपासून जवळजवळ तीनशे किलोमीटर, सगळा रस्ता वाळवंटातून, झाड नाही की घर नाही. ऊन चढल्यावर लांबवर पाणी दिसायला लागलं, त्यात बेटंसुद्धा, आणि बस पुढे गेली की नुसती वाळू. मृगजळ पुस्तकात वाचलं होतं, डोळ्यांनी पहिल्यांदा बघितलं.

तिथे गाईडला देवळात बोलू देत नाहीत, म्हणून त्याने बाहेरच सगळं सांगून घेतलं. मग टेकडीला वळसा घालून जायचं, आधी नासर सरोवराचं, म्हणजे आस्वानच्या धरणामागे साठलेलं, निळं पाणी दिसतं आणि वळल्यावर एकदम समोर रामसेस दुसरा, एकच राजा चार वेळा बसलेला, एकेक मूर्ती 20 मीटर उंच! सव्वातीन हजार वर्षांपूर्वी डोंगर कोरून केलेलं काम. एका मूर्तीचा वरचा भाग फार पूर्वी भूकंपात पडला, तिचं डोकं अजून पायाशीच पडलंय. मूर्तीच्या पायावर ग्रीक सैनिकांनी कोरलेली अक्षरं आहेत, तीही सुमारे 2600 वर्षांची.

आता बाबा, खरी गोष्ट. आस्वानच्या मोठ्या धरणाचं काम 1960 ला सुरू झालं आणि हे देऊळ पाण्याखाली जाणार हे पक्कं झालं. मग युनेस्कोने जगाकडे मदत मागितली, आणि 1964 ते 1968 मध्ये आख्खं देऊळ कापून हजाराच्या वर तुकडे केले, काही तर 20-30 टनांचे, आणि ते सुमारे 65 मीटर वर आणि 200 मीटर मागे नेऊन पुन्हा जुळवले. कापताना दर्शनी बाजूवर वाळूचा भराव टाकून ठेवला होता म्हणजे मूर्तींना धक्का लागू नये. पडलेलं डोकंसुद्धा आधी होतं तसंच ठेवलं. मागचा डोंगर खोटा आहे, आत काँक्रीटचा घुमट आहे, पण समोरून शंका येत नाही. मी भिंतीच्या अगदी जवळ जाऊन बघितलं तेव्हा कुठे मला बारीकशी सांध्याची रेघ दिसली.

सगळ्यात आतल्या गाभाऱ्यात चार मूर्ती आहेत, फेब्रुवारी आणि ऑक्टोबरच्या 22 तारखेला सकाळचं ऊन थेट तिथवर जातं. प्ताह नावाचा एक देव आहे, अंधाराशी नातं असलेला, तो तेव्हाही सावलीतच राहतो. जागा बदलूनही हे जमवलं म्हणजे काय हिशोब केला असेल!

आई, शेजारचं छोटं देऊळ राणी नेफरतारीचं, तिथे बाहेर तिची मूर्ती राजाच्या मूर्तीएवढीच उंच. इथे राणी बहुतेक राजाच्या गुडघ्याएवढी दाखवतात, म्हणून मला ते फार आवडलं, मी तिथेच जास्त वेळ थांबले.

एक गोष्ट मात्र दिवसभर डोक्यातून जात नाहीये. याच पाण्याखाली इथल्या मूळच्या नुबियन लोकांची गावंच्या गावं गेली, इजिप्तमधल्याच जवळजवळ पन्नास हजार माणसांना आस्वानच्या उत्तरेला कोम ओम्बो गावाकडे हलवलं, घरं आणि खजुराची झाडं मागेच राहिली. देवळाचा तुकडा न् तुकडा नंबर घालून वर आणला, गावं नाही आणता आली. बाबा, तुम्ही धरणग्रस्तांच्या वसाहतीतून घरी यायचात आणि जेवताना गप्प असायचात ते आज सरोवराकडे बघताना आठवलं. त्याबद्दल तुमच्याशी नीट बोलायचंय, फोनवर नको, समोर बसून.

म्हणून पुढच्या थंडीत दोघं याच, डिसेंबर-जानेवारीत हवा छान असते, पायऱ्यांचा त्रास नाही, आईचे गुडघे सांभाळून सगळं होतं. ताईला फोटो पाठवलेत, ती दाखवेल. आणि बाबा, पासपोर्टची मुदत आत्ताच बघून ठेवा.

तुमची,
सोनू