बाबांची जिद्द

चि. बाळास, अनेक आशीर्वाद.

काल फोन ठेवता ठेवता तू पुटपुटलास, "बाबांनी अजून थोडी जिद्द धरली असती तर..." तेव्हा मला काही बोलता आलं नाही. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, म्हणून पहाटे लिहायला बसले.

जिद्दीचा धोशा मीच लावला होता रे. केमोला निघताना "पॉझिटिव्ह राहा", रिपोर्ट हातात आला की "मन खंबीर ठेवा". शेवटच्या महिन्यात एका रात्री ते म्हणाले, "मला भीती वाटतेय गं." मी म्हटलं, "असं काही बोलायचं नाही हं." त्यांनी कूस बदलली, चादर कानापर्यंत ओढून घेतली. पुन्हा तो विषय त्यांनी कधी काढला नाही. ती एक रात्र मला परत हवी आहे.

ते गेल्यावर मी मिळेल ते वाचत सुटले. जेम्स कॉइन या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर डोक्याच्या आणि मानेच्या कॅन्सरच्या १,०९३ रुग्णांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. बाबांचा घशाचा कॅन्सर त्याच गटातला. मनाने कोण किती बरा होता आणि पुढे किती जगला, याचा काही संबंध लागतो का ते त्यांनी पाहिलं. नाही लागला. हे वाचून मी खूप रडले. बाबा घाबरले म्हणून गेले नाहीत. मन जपायचं ते हाती असलेले दिवस बरे जावेत म्हणून, आणि तेच मी त्यांना करू दिलं नाही.

अजून एक. पंधराव्या दिवशी मॅच बघताना तू खळखळून हसलास आणि मी दारात दिसताच चोरी पकडल्यासारखा गप्प झालास. शोकाचा अभ्यास करणाऱ्या मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक स्खुट यांनी १९९९ मध्ये मांडलंय की शोकातलं माणूस झोके घेत असतं: घटकेत आठवणीत बुडालेलं, घटकेत बँकेच्या कागदांत, अभ्यासात, मॅचमध्ये. दुःखापासून अधूनमधून लांब जाणं हासुद्धा सावरण्याचाच भाग. (नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य, स्वीकार अशा शोकाच्या पाच पायऱ्या लोक सांगतात, त्या मनावर घेऊ नकोस. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या त्या मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून, मागे राहिलेल्यांशी नव्हे.)

मात्र सहा महिने उलटल्यावरही रोजचं काही करणं जमत नसेल, तर अंगावर काढू नकोस. लांबलेल्या शोकाला जागतिक आरोग्य संघटनेनेही आजारांच्या यादीत घेतलंय, त्यावर उपचार आहेत. मी बरोबर येईन.

बाबांचा चष्मा अजून उशाशीच आहे. तू आलास की रात्री बोलत बसू. भीती वाटतेय म्हणालास तरी मी मध्ये बोलणार नाही.

तुझी,
आई