रविवारची बैठक : या वेळी सगळ्यांनी बोलायचं

मंडळी, येत्या रविवारी संध्याकाळी ५.३० वाजता शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर, नेहमीच्या जागी भेटू.

विषय प्रभाग समित्या, म्हणजे एक किंवा अधिक प्रभागांचे (वॉर्डांचे) प्रश्न पाहणाऱ्या महापालिकेच्या समित्या. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने ३ लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांत त्या बंधनकारक केल्या. मुंबई महापालिकेत २२७ नगरसेवक निवडून जातात. आपला नगरसेवक प्रभाग समितीत काय विचारतो, हे कितीजणांना ठाऊक आहे? मलाही परवापर्यंत नव्हतं.

गेल्या वेळी आपण १४ जण होतो, बोलले तिघंच. (त्यातला एक मी, कबूल.) म्हणून या वेळी:

- आपापल्या वॉर्डातला एक प्रश्न घेऊन या. पाणी, फुटपाथ, कचरा, काहीही.
- एकाला एका वेळी ३ मिनिटं. नवे सदस्य आधी बोलतील, जुनी खोडं नंतर.
- पक्षावर हवी तेवढी टीका करा, समोरच्या माणसावर नको. कुणाला ‘भक्त’ किंवा ‘गुलाम’ म्हटलंत, तर सगळ्यांचा चहा तुमच्याकडून!

फॉरवर्ड वाचून दाखवू नका, स्वतःचं मत सांगा. अर्धवट असलं तरी चालेल.

येणाऱ्यांनी शनिवारी रात्रीपर्यंत कळवा.