मनीच्या डोळ्याबद्दल

प्रिय सुमे,

तुझं पत्र आल्यापासून मनीचाच विचार डोक्यात आहे. तीन आठवडे झाले, तिसऱ्यांदा थेंब बदलले, तरी जखम तशीच. सुमे, आता थेंब बदलत बसू नकोस. कॉर्नियावरची, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावरची, वरवरची जखम आठवडाभरात भरते. भरत नसेल तर तिला काहीतरी आडवं येतंय, ते शोधायला लाव.

माझ्या बोक्याच्या वेळी डॉक्टरांनी डोळ्यात नारिंगी रंग घालून निळा दिवा धरला. हिरवा डाग जखमेच्या कडेशी थांबला नव्हता, कडेखाली झिरपला होता. ओल धरलेल्या भिंतीचा पोपडा सुटतो ना, तसा वरचा थर नुसताच पडून होता, खाली चिकटलाच नव्हता. डोळा बधिर करून त्यांनी कोरड्या कापसाच्या काडीने ती सैल कड पुसून काढली. जखम आधीपेक्षा मोठी दिसायला लागली आणि माझ्या पोटात गोळा आला. पण भरायला लागली ती तिथूनच.

कुत्र्यांमध्ये याच्यापुढे सुईने जाळीसारख्या रेघा ओढतात. मांजराला ते करू देऊ नकोस. तिथे कॉर्नियाचा तुकडा मरून काळा पडू शकतो, आणि मग तो शस्त्रक्रियेनेच काढावा लागतो.

पापणी आत वळली आहे का, एखादा केस घासतोय का, अश्रू कमी आहेत का, हे बघायला सांगच. पण मांजरांत बहुतेकदा मुळाशी हर्पिसचा विषाणू असतो. लहानपणीच्या सर्दीतून येतो, मज्जातंतूत दडून राहतो आणि ताण आला की उठतो. तू घर बदललंस, त्यानंतरच हे सुरू झालं ना? त्या विषाणूवरच्या फॅमसिक्लोव्हिर या औषधाबद्दल डॉक्टरांना विचार. माणसांची व्हॅलासायक्लोव्हिर मात्र चुकूनही नको, मांजराच्या जिवावर बेतते.

घरातले जुने थेंबही नकोत. मी दोन दिवस घातले होते, त्यात स्टेरॉइड होतं. जखम खोल गेली. ते अजून माझ्या मनाला लागून आहे.

दोन औषधांत पाच-दहा मिनिटं जाऊ दे, मलम सगळ्यात शेवटी. डोळा खाजवू नये म्हणून घालतात ती गळ्यातली कॉलर रात्रीसुद्धा काढू नकोस, कितीही केविलवाणी ओरडली तरी. आणि जखम पांढुरकी, लिबलिबीत दिसली तर त्याच दिवशी, त्याच तासाला निघ.

रंग घालून बघितलं की लगेच कळव. मी वाट बघतेय.

तुझीच,
नीलू