मडमिणीच्या वतीनेही आभार

आदरणीय ताई,

स. न. वि. वि. बाहुली दुरुस्त करायला शिकवलंत म्हणून फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही विषय बदलता. "ते राहू दे, इलॅस्टिक किती ताणलंस ते सांग." म्हणून हे जाहीर पत्र.

आमची मडमीण म्हणजे पणजोबांनी फोर्टातून आणलेली विलायती बाहुली. दर चैत्रात गौरीच्या आराशीत तिची जागा वरच्या पायरीवर. मानेमागे कोरलेलं 'आर्मांड मार्सेल, जर्मनी, ३९०' आम्ही लहानपणापासून वाचत आलो. पण ३९० हा साच्याचा क्रमांक, कारखाना थुरिंगियातल्या कोपल्सडॉर्फचा आणि चेहरा बिस्कचा, म्हणजे बिनझिलईच्या पोर्सेलीनचा, हे तुमच्याकडून कळलं.

गेल्या वर्षी आतलं इलॅस्टिक तुटलं आणि डोकं फरशीवर आपटलं. पाच तुकडे. मी घाईघाईने फेविक्विकने चिकटवले, तेही वाकडे. मग एका दुकानात दिली, तर त्यांनी भेग लपवायला अर्ध्या गालाला ऑइल पेंट फासला. तुम्हाला फोटो पाठवताना बोलणी खायची तयारी ठेवली होती. तुम्ही एवढंच विचारलंत, "अंग ओल्या फडक्याने पुसलं नाहीस ना?"

पुसलं होतं, ताई. भुसा, कागदाचा लगदा आणि सरस यांचं ते अंग. कोपराजवळचा पापुद्रा गेला तो गेलाच.

बाकीचं सगळं मात्र तुम्ही माझ्याच हातून उलटं करून घेतलंत. आधी काचेचे डोळे, शिशाच्या वजनासकट, बाहेर. मग अ‍ॅसिटोनचा बोळा गालावरून फिरवला. दुकानाचा गुलाबी रंग बोळ्यावर उतरला, खालची मूळ लाली जागची हलली नाही. ती भट्टीत भाजलेली, अ‍ॅसिटोनला दाद देत नाही. सांध्यांवर अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेले बोळे ठेवून डोकं रात्रभर डब्यात बंद केलं. सकाळी तुकडे आपसूक सुटे झाले होते. त्या क्षणी मी रडले, हे तुम्हाला सांगितलं नव्हतं.

तुकडे आधी चार वेळा कोरडेच जुळवायला लावलेत, कारण कपाळाचा तुकडा आधी बसवला की कानाजवळचा आत जाईना. चिकटवायला पॅरालॉइड बी-७२, का तर ते अ‍ॅसिटोनमध्ये पुन्हा विरघळतं. उद्या कुणाला माझं काम पटलं नाही तर त्याला ते सोडवता आलं पाहिजे, असं तुमचं म्हणणं. आणि मानेच्या खोबणीत ते मऊ चामड्याचं कडं! तुम्ही पाकिटातून पाठवलेलं, रुपयाएवढं. त्याच्यामुळे आता बिस्क थेट अंगावर घासत नाही.

यंदा मडमीण आपल्या पायरीवर बसली. कानापासून भुवईपर्यंत रेघ दिसते, डावा डोळा उजव्यापेक्षा जरा उशिरा मिटतो, वरचे चारही दात शाबूत आहेत. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी विचारलं, कुणी केलं? मी तुमचं नाव सांगितलं. तुम्हाला आवडणार नाही, तरी सांगितलं.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. आंब्याची डाळ पुण्यापर्यंत टिकली नसती, म्हणून कैऱ्याच पाठवल्या आहेत. डाळ वाटताना मिरची बेताने घाला.

तुमची,
गिरगावची विद्यार्थिनी