पाठीवर पिट्ठू देऊन मग वेळ लावा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सैनिकांचे शारीरिक निकष सैल करावेत की आणखी कडक, यावर आपल्या सदरात गेले काही दिवस पत्रं येत आहेत. दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरून बोलतात: आज जे मोजलं जातं तेच मोजायचं, आकडा तेवढा वर-खाली करायचा. मी पायदळात शारीरिक प्रशिक्षक होतो, जवान आम्हाला उस्ताद म्हणत. सगळी नोकरी शिट्टी आणि स्टॉपवॉच घेऊन गेली. माझं भांडण या गृहीतकाशीच आहे.

पळण्याची वेळ, चिन-अप, पुश-अप, सिट-अप. जगातल्या बहुतेक सैन्यांच्या चाचण्या वर्षानुवर्षं याच चौकडीभोवती फिरल्या. लढाईत कुणी पुश-अप काढत नाही; पण या प्रकारांना सामान लागत नाही. मोकळं मैदान, एक घड्याळ आणि मोजणारा माणूस मिळाला की एका सकाळी अख्खी कंपनी उरकते. सोय म्हणून ते ठीकच. मात्र या सगळ्यांत माणूस फक्त स्वतःचं वजन हलवतो. त्यामुळे अंगाने जो हलका, त्याची चांदी.

दोन जवान घ्या, एक 55 किलोचा आणि एक 78 किलोचा. बनियन-चड्डीवर 2.4 किलोमीटर पळवलंत तर बहुधा पहिलाच पुढे येईल, चिन-अपही तोच जास्त काढेल. आता दोघांच्या पाठीवर 25 किलोचा पिट्ठू, म्हणजे सामानाची लष्करी सॅक, चढवा. पहिल्यावर त्याच्या वजनाच्या 45 टक्के ओझं पडलं, दुसऱ्यावर 32 टक्के. पाच किलोमीटरनंतर मैदानावरचा क्रम उलटलेला मी अनेकदा पाहिला आहे. मशीनगन, दारूगोळा, रेडिओच्या बॅटऱ्या आणि पाणी यांचं वजन उचलणाऱ्याची चण पाहून कमी-जास्त होत नाही. शिवाय पायातल्या एका किलोला पाठीवरच्या साधारण पाच किलोंइतके कष्ट पडतात. स्पोर्ट्स शूजवर काढलेली वेळ जड बुटांत टिकत नाही ती याचमुळे.

याचा अर्थ लहान चणीची माणसं नकोत असा कुणी काढू नये. पहिल्या महायुद्धात ब्रिटनने काय केलं ते पाहण्यासारखं आहे. 1914 च्या ऑगस्टमध्ये त्यांच्याकडे भरतीसाठी किमान उंची पाच फूट तीन इंच होती. रांगा आवरेनात तेव्हा सप्टेंबरात ती पाच फूट सहा इंचांवर नेली आणि गर्दी ओसरल्यावर पुन्हा खाली आणली. त्याच वर्षअखेरीस, उंचीमुळे परत पाठवलेल्यांच्या वेगळ्या ‘बँटम’ पलटणी उभ्या राहिल्या. पाच फूट ते पाच फूट तीन इंच उंचीच्या माणसांच्या. सुरुवातीच्या तुकड्यांत खाणकामगारांसारखी दणकट माणसं होती, त्यांनी काम चोख केलं. पुढे मात्र ‘बुटका चालतो’ या नावाखाली नुसतेच अशक्त लोक येऊ लागले आणि अखेर त्यांना निवडून बाहेर काढावं लागलं. पट्टीने उंची मोजून ताकद कळत नाही, एवढं यावरून दिसतं. पण मला त्याहून खटकतं ते हे, की निकष वर-खाली झाले ते रांगेची लांबी बघून. खंदकात काय करावं लागेल याचा विचार त्यात नव्हताच.

आता यंत्रांचं युग आहे, ओझं कोण वाहतो, असं एका पत्रात वाचलं. फॉकलंड बेटांसाठी अर्जेंटिनाशी झालेल्या लढाईतही ब्रिटिशांचा भरवसा हेलिकॉप्टरांवर होता. 25 मे 1982 रोजी चिनूक हेलिकॉप्टरं घेऊन आलेल्या ‘अटलांटिक कन्व्हेयर’ जहाजावर क्षेपणास्त्रं आदळली, एक सोडून सगळी चिनूक गेली. मग रॉयल मरीन्सची तुकडी पाठीवर 36 किलोंच्या आसपास ओझं घेऊन तीन दिवसांत सुमारे 90 किलोमीटर चालली, तीही दलदलीच्या, खडकाळ मुलखातून. रोमन शिपायाला उन्हाळ्यातल्या पाच तासांत वीस रोमन मैल, म्हणजे जवळजवळ 30 किलोमीटर चालण्याचा सराव करावा लागे, पाठीवर वीसेक किलो घेऊन. दीड-दोन हजार वर्षांत शिपायाचं ओझं हलकं झालेलं नाही, उलट वाढलं.

मग मोजायचं काय? ब्रिटिश लष्कराने 2019 पासून आणलेली चाचणी मला पटते. त्यात ओझं घेऊन चालणं आहे, 110 किलोंचा ‘जखमी’ 20 मीटर ओढणं आहे, पाण्याचे 22 किलोंचे दोन कॅन हातात धरून 240 मीटर जाणं आहे. 110 किलो ऐकून लोक दचकतात. पण 80 किलोंचा माणूस, त्याचं चिलखत, हेल्मेट, शस्त्र, गोळ्या यांची बेरीज करून पाहावी. जो काम करणार त्याला हे जमलंच पाहिजे. मग तो वीस वर्षांचा असो वा चाळीसचा, पुरुष असो वा स्त्री.

इथे अमेरिकेचं उदाहरण दिलं जातं, बहुतेक वेळा अर्धवट. 1980 पासून त्यांची चाचणी पुश-अप, सिट-अप आणि दोन मैल पळणं एवढीच होती. तिच्या जागी सहा प्रकारांची नवी आणली. त्यात जमिनीवरून वजन उचलणं होतं, आणि 41 किलोंची घसरगाडी ओढून लगेच दोन्ही हातांत 18-18 किलो घेऊन पळणंही होतं. सुरुवातीला सगळ्यांना एकच पट्टी लावली. स्त्रिया मोठ्या संख्येने अडकल्या त्या विशेषतः दांडीला लटकून गुडघे कोपरांपर्यंत नेण्यात. तो प्रकार पोटाची ताकद मोजायला ठेवलेला. पण दंडातच जोर नसेल तर पोटाची पाळीच येत नाही. म्हणजे प्रकारच चुकीचा निवडलेला होता, तो काढला हे बरंच झालं. मात्र 2022 मध्ये त्याबरोबर सगळे गुण वय आणि लिंग पाहून वाटायला लागले. 2025 मध्ये पुन्हा फिरून लढाऊ कामांसाठी स्त्री-पुरुषांची पट्टी एक केली. इतका खेळखंडोबा टाळता आला असता, जर दोन चाचण्या मुळातच वेगळ्या ठेवल्या असत्या. एक तब्येतीची: हृदय, फुप्फुस, पोटाचा घेर. ती वयाप्रमाणे बदलावीच, पन्नाशीच्या सुभेदाराने विशीतल्या पोराइतकं पळावं हा हट्ट कशाला? दुसरी कामाची. तीत कुणालाच सूट नको.

कामाची चाचणी कामाप्रमाणे वेगवेगळी असावी, हे ओघाने आलंच. संगणकावर बसणाऱ्याला 110 किलो ओढायला लावणं हा निव्वळ छळ आहे. उंचावरच्या चौक्यांसाठी तर पळण्याची वेळ आणखीच कमी कामाची. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो, आणि खाली पहिला येणारा वर टिकेलच याची खात्री कुणी देत नाही.

कडक निकषवाल्यांना एक सांगायचं आहे. भरतीच्या दिवशीच तयार सैनिक मागू नका. ताकद घडवता येते. पण घाईने घडवायला गेलं की मोडतोड होते. नव्या रंगरुटाचा दम काही आठवड्यांत वाढतो, हाडं मागे राहतात. नव्या ताणाखाली हाड आधी थोडं झिजतं, मग भरून येतं. नेमकं त्याच काळात रोज पळवलं की नडगीला बारीक तडा जातो. एमआय रूमपुढची, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यापुढची, रांग वाढते आणि उस्ताद ओरडतो की पोरं कामचुकार आहेत. पळण्याचं अंतर कमी केल्यावर दुखापती घटल्या आणि तंदुरुस्ती तेवढीच राहिली, हे अमेरिकन लष्कराच्याच पाहणीत दिसलेलं आहे. तरी जास्त पळवणारा तो चांगला उस्ताद, ही समजूत काही जात नाही.

भरतीची तयारी करणाऱ्या तरुणांनी रोजच्या पळण्यातले एक-दोन दिवस वजनाला द्यावेत. शरीराच्या वजनाच्या पंधरा टक्क्यांपासून सुरू करावं. ओझं घेऊन चालावं, पळू नये. अंतर आणि वजन एकाच आठवड्यात वाढवू नये. आठवड्यातून दोनदा जमिनीवरून पोतं उचलावं, पाठ सरळ ठेवून, मांड्यांच्या जोरावर. दुखणं नडगीच्या एकाच बिंदूवर यायला लागलं तर सराव बंद करून डॉक्टर गाठावा. ‘अंग मोडतंय’ म्हणून रेटू नये.

राहिला खर्चाचा प्रश्न, जो प्रत्येक बैठकीत निघतो. वजन भरलेला पिट्ठू, वाळूची पोती, पाण्याचे कॅन, टेप आणि घड्याळ. हे सगळं प्रत्येक प्रशिक्षण केंद्राच्या स्टोअरमध्ये आजही पडलेलं आहे.

आपला,
एक निवृत्त शारीरिक प्रशिक्षक